वधूपक्षाच्या खोलीतली निवडणूक

"नांदेडच्या त्या पोरीला करा की, सर. ती कुणाला काई म्हणत न्हाई."

मी हात धूत होते. मंगल कार्यालयात जेवणाच्या हॉलमागे नळांची लांब ओळ असते, तिथे. मध्ये अर्धी भिंत आणि भिंतीपलीकडे बडीशेपेचं टेबल. बोलणारा निलंग्याचा मुलगा होता, हे आवाजावरून कळलं. नीट ऐकू यावं म्हणून मी नळ बंद केला, आणि नळ बंद झाल्याचं त्यांना कळू नये म्हणून परत बारीक सोडला.

"इंग्लिश पण चांगलं आहे तिचं," सर म्हणाले.

"तेच म्हणतो की. इंग्लिश येतंय आन् बोलत न्हाई. अजून काय पायजे?"

माझ्याबद्दल इतकं नेमकं याआधी कुणी बोललं नव्हतं. शाळेत दरवर्षी माझ्या प्रगतिपुस्तकात 'शी शुड पार्टिसिपेट मोर' हे एकच वाक्य यायचं. बाई बदलायच्या, वाक्य बदलायचं नाही. इथे पहिल्यांदाच कुणाला तो दोष वाटत नव्हता, आणि खरं सांगायचं तर मला थोडं बरंही वाटलं. मग मी ओले हात ओढणीला पुसले आणि वरपक्षाच्या बाजूने लांबून फिरून खोलीवर गेले. बडीशेपेच्या टेबलावरून गेले असते तर त्या दोघांकडे बघून हसावं लागलं असतं.

वरपक्ष म्हणजे काय, ते सांगायला हवं. लातूरला औसा रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयात आमचं शिबिर होतं. विषय होता लोकशाही, नागरी मूल्यं आणि तरुण नेतृत्व. नेपाळ, श्रीलंका, केनिया आणि नांदेड-लातूर अशा चार ठिकाणची मुलंमुली आठवडाभर एकत्र राहून नेते होणार होती. नांदेड-लातूर हा देश नाही, पण बॅनरवर तो बाकीच्या तीन देशांच्या ओळीत तेवढ्याच मोठ्या अक्षरात छापला होता आणि आमच्यापैकी कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

पौष लागला होता. पौषात लग्नं नसतात, म्हणून लोकशाहीला कार्यालय मिळालं. मुली वधूपक्षाच्या खोल्यांत आणि मुलं वरपक्षाच्या. वरपक्षाला गिझर होते, वधूपक्षाला बादल्या. त्यामुळे समतेवरचं पहिलं सत्र गरम पाण्यापासून सुरू झालं आणि गरम पाण्यावरच संपलं. स्टेजवर लाल मखमलीच्या दोन सिंहासनासारख्या खुर्च्या होत्या. त्या फळ्यांना ठोकलेल्या होत्या, हलवता येत नव्हत्या. राज्यघटनेवर बोलायला येणारा प्रत्येक वक्ता त्यामुळे नवरदेवाच्या खुर्चीत बसून बोलला. शेजारची खुर्ची रिकामी ठेवून.

शिबिर घेणारी बाई नॉर्वेची होती. ती खुर्चीत बसायचीच नाही, जमिनीवर मांडी घालून बसायची आणि भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवायची. पिवळी चिठ्ठी म्हणजे प्रश्न, हिरवी म्हणजे सूचना, गुलाबी म्हणजे भावना. आमच्या गटाकडून गुलाबी चिठ्ठी कधी आलीच नाही. दर जेवणानंतर झोप उडवायला ती खेळ घ्यायची. एका खेळात सगळ्यांना गोल उभं राहून सिंहासारखं ओरडायचं होतं. लोकशाहीसाठी मी तेही केलं, आणि कुणीतरी त्याचा फोटो काढला.

मी तिथे कशी पोचले, हे मलाही पुरतं उलगडलेलं नाही. डिग्री झाली होती, पुढचं ठरत नव्हतं. "दिवसभर दार लावून काय करून राहिलीस?" असं आई रोज विचारायची आणि माझ्याकडे सांगण्यासारखं काही नसायचं. बाबांच्या ऑफिसात कुणाकडून तरी या शिबिराचं कळलं. निवड नांदेडलाच, एका कॉलेजच्या हॉलमध्ये होती. समोर हेच सर होते. ते राज्यशास्त्र शिकवायचे आणि लातूर भागातलं सगळं काम स्थानिक बाजूने तेच बघायचे. "समाजासाठी काय करावंसं वाटतं?" असं त्यांनी विचारलं. मी इंग्रजीत तीन वाक्यं बोलले, त्यांतलं एक पूर्ण झालं नाही. सर म्हणाले, "उच्चार स्वच्छ आहेत." झाली निवड.

शिबिरात माझं खरं काम दुसऱ्याच दिवशी ठरलं. ठरवलेला दुभाषी आजारी पडला आणि सरांनी माझ्या हातात माइक दिला. नॉर्वेच्या बाईचं मराठीत आणि आमच्या लोकांचं इंग्रजीत करायचं. सगळ्यांना वाटलं, मला भीती वाटेल. मला काहीच वाटलं नाही. दुसऱ्याचं वाक्य बोलायला कसली भीती? वाक्य फसलं तर ते त्याचं. माझं मराठी घरापुरतं आहे, एकोणसत्तर आणि एकोणऐंशी यांत माझा अजून गोंधळ होतो, पण लोकशाहीत आकडे फारसे लागत नाहीत असं मला तेव्हा वाटायचं. मी माइकमागे उभी राहून तासन् तास बोलायचे आणि माइक खाली ठेवला की मिटून जायचे. नेपाळची एक मुलगी मला म्हणाली, तू दोन वेगवेगळ्या मुली आहेस. मी तिला काहीच उत्तर दिलं नाही. म्हणजे उत्तर दुसऱ्या मुलीनेच दिलं म्हणायचं.

आता निवडणुकीकडे येते. पुढचं शिबिर काठमांडूला होतं. तिथे प्रत्येक गटातून एकाने जायचं आणि तो एक जण गटानेच निवडायचा. नॉर्वेच्या बाईने यावर अख्खी सकाळ घालवली होती. उमेदवाराने दोन मिनिटं बोलायचं, गुप्त मतदान करायचं, मतं सगळ्यांसमोर मोजायची. बिस्किटांच्या खोक्याला चीर पाडून तिने मतपेटी केली होती आणि लहान बाळासारखी ती काखोटीला मारून फिरायची.

केनियाच्या गटाने पहिल्यांदा मतदान केलं. चार जण होते, चौघंही उभे राहिले, चौघांनाही एकेक मत पडलं. ते चौघं हसून हसून जमिनीवर लोळले. मग परत भाषणं केली, परत मतदान केलं, आणि संध्याकाळपर्यंत त्यांचा निकाल लागला. आमचे सर हे सगळं मागच्या रांगेतून बघत होते. त्यांचा चेहरा एखाद्या घरातलं भांडण खिडकीतून दिसल्यासारखा झाला होता.

"पाहिलंत का?" ते आमच्या गटाला म्हणाले. "हे असं होतं. आपल्याकडे नको."

तेव्हापासून निलंग्याचा कामाला लागला. त्याचे वडील गावचे सरपंच, आजोबाही सरपंच होते, आणि त्याच्याकडे बघून वाटायचं की हा जन्मला तोच कुणाच्या तरी खांद्यावर हात टाकून. तो एकेकाला बाजूला घ्यायचा, पाण्याच्या जारपाशी न्यायचा, खालच्या आवाजात काहीतरी बोलायचा आणि शेवटी मोठ्याने म्हणायचा, "मग फिकीर नको. एकमत झालं." स्वतः त्याला जायचं नव्हतं. काठमांडूच्या शिबिराच्या आठवड्यात त्याच्या चुलत भावाचा साखरपुडा होता. त्याला फक्त कुणाला तरी पाठवायचं होतं. त्यातच त्याला खरा आनंद होता. परदेशी पाहुणे येळवस, म्हणजे आमच्याकडे शेतात साजरी होणारी वेळा अमावस्या, होऊन गेल्यावर आले, त्यांना शेतातली सगळ्या भाज्यांची भज्जी आणि आंबील मिळाली नाही, याचं त्याला मनापासून दुःख होतं. माणूस वाईट नव्हता.

मी बिनविरोध निवडून येणार आहे, हे मला दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जारपाशी तिघांनी येऊन सांगितलं. मला कुणी विचारलं नाही. मीही कुणाला काही म्हटलं नाही. काठमांडू मला हवं होतं. उभं राहायचं नाही, बोलायचं नाही, तरी जायला मिळणार, याहून माझ्या स्वभावाला सोयीचं जगात काही नव्हतं.

नॉर्वेच्या बाईने विचारलं, तुमच्या गटात काय चाललंय? मी तिला बिनविरोध म्हणजे काय ते समजावू लागले.

"म्हणजे बाकी कुणाला जायचं नाही?"

"तसं नाही. सगळ्यांनाच जायचंय."

"मग?"

"मग ते सोडून देतात."

"कशासाठी?"

"भांडण होऊ नये म्हणून."

"पण भांडण आहे का?"

"नाही. निवडणूक झाली तर होईल."

तिने एका पिवळ्या चिठ्ठीवर काहीतरी लिहिलं आणि भिंतीवर चिकटवलं. मी वाचलं नाही.

घोटाळा कंधारच्या मुलीने केला. ती माझ्या शेजारच्या गादीवर झोपायची. कंधारजवळच्या खेड्यातली, रोज एसटीने येऊन-जाऊन बी.ए. केलेली. ती सतत बोलायची. दात घासतानाही बोलायची. मला ते सोयीचं होतं, कारण तिला उत्तरं लागायची नाहीत. घरून तिने हरभऱ्याचे ढाळे आणले होते, दोघींच्या गाद्यांच्या मध्ये टरफलांचा ढीग करून ती घाटे सोलून खायची आणि अर्धे मला द्यायची. त्या दिवशी जेवताना निलंग्याच्याने तिला एकमत सांगितलं, तेव्हा ती भर पंगतीत म्हणाली, "माझं मत कुणी इचारलं? मी उभी ऱ्हायलेय."

वरण वाढणारा थांबला.

दुपारी खोलीत ती मला म्हणाली, "तुझ्यावर राग न्हाई बरं का. तुझ्यासमोर उभं ऱ्हायची माझी काही दुश्मनी न्हाई."

मी मान हलवली.

मग तिने सांगितलं. ग्रामपंचायतीला ती आपल्या वॉर्डातून उभी राहिली होती. घरोघर जाऊन आली होती, सगळे चांगलं बोलले होते. माघारीच्या आदल्या दिवशी गावातली चार मोठी माणसं घरी आली. तिच्याकडे नाही, तिच्या वडिलांकडे. अंगणात बसली. पाणी मागितलं. तुरीचं विचारलं, म्हशीचं विचारलं. मग चहा झाला. चहाचा कप खाली ठेवताना एक जण म्हणाला, बाकी सगळ्यांनी नावं काढून घेतली, गाव बिनविरोध होऊन राहिलं, तुमच्या एकट्या घरामुळं अडलंय.

"चहा मीच केला व्हता," ती म्हणाली. "आलं टाकून. मला काय माहीत, कशासाठी आलेत."

दुसऱ्या दिवशी वडिलांनीच तिला गाडीवर बसवून तहसीलला नेलं. नंतर गावात कार्यक्रम झाला, तिच्या त्यागाबद्दल एकाने भाषण केलं आणि त्यात तिचं नाव चुकीचं घेतलं.

"निवडून आले असते असं मी म्हणत न्हाई. पडले असते बी. पण मला किती मतं पडली असती, ते मला आजपतुर माहीत न्हाई. शंभर का चार? आता गावात कुणी हसून बोललं ना, तर मी त्याच्या तोंडाकडं बघत बसते. ह्यानं दिलं असतं का मला? ती म्हातारी रोज 'बाई माझी' म्हणती, तिनं दिलं असतं का?" तिने एक घाटा फोडला, तो किडका निघाला, तिने तो टाकला. "मला एकदा मोजून बघायचंय. शून्य आलं तर शून्य. पण मोजलेलं शून्य पायजे."

मी टरफलं गोळा केली.

तासाभरात बैठक आमच्या दारात आली. वधूपक्षाच्या खोल्यांपुढच्या व्हरांड्यात प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या गेल्या. सर, निलंग्याचा आणि मागे दोघं-तिघं, नुसते बसायला आलेले. "या बेटा, बसा दोघी," सर म्हणाले. "जेवण झालं ना नीट? थंडी वाजते का खोलीत?" आम्ही बसलो. तेवढ्यात कार्यालयाचा आचारी कागदी कप घेऊन येताना दिसला.

कंधारची माझ्या कानाशी म्हणाली, "बग, चहा आला."

"काय म्हणते मग यंदा कंधारकडची तूर?" सरांनी तिला विचारलं.

"तूर चांगली हाय, सर. मी माघार घेत न्हाई."

सरांचा कप ओठापर्यंत जाऊन थांबला. निलंग्याचा घाईने म्हणाला, "ओ अक्का, अजून कुणी काय म्हणलं का तुमाला?"

"म्हणणारच व्हतास की."

"आगं पण..."

सरांनी त्याला हाताने थांबवलं. सर चिडले नाहीत. ते खरंच समजावू लागले, आणि मला ते म्हणणं अगदीच टाकाऊ वाटलं नाही. त्यांच्या गावात एका वर्षी जोरात निवडणूक झाली. तेव्हापासून गावात दोन पिठाच्या गिरण्या आहेत. एका बाजूचा माणूस दुसऱ्या बाजूच्या गिरणीत दळण नेत नाही. सरांची सख्खी आत्या वारली, तेव्हा अर्धं गाव आलं नाही. "मतं एका दिवसात मोजून होतात, बेटा," ते म्हणाले. "माणसं नंतर मोजावी लागतात. कोण आपलं, कोण परकं. म्हणून आपल्याकडे समजुतीने घेतात."

कंधारच्या मुलीने न प्यायलेला कप खुर्चीखाली ठेवला.

"सर, हे कार्यालय हाय," ती म्हणाली. "परवा सगळे आपापल्या गावाला जाणार. हितं कुणाची गिरणी हाय?"

मागे बसलेल्यांपैकी एक जण हसला आणि निलंग्याच्याने वळून पाहिल्यावर खोकू लागला.

"पाहुणे बघून राहिले, अक्का," निलंग्याचा म्हणाला. "केनियावाल्यांचं बगितलं ना? चार मानसं, चार मतं. दिवसभर तमाशा."

"मग निकाल लागला का न्हाई त्यांचा? आन् आता बग, एकमेकांच्या गळ्यात हात टाकून फिरून राहिले."

सरांनी कप खाली ठेवला आणि माझ्याकडे वळले. "मग बेटा, तू जर..."

त्यांचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत मी मान हलवली. मी माघार घेतली. काठमांडू हातचं गेल्याचं थोडं वाईट वाटलं, पण त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटलं. शिवाय हे किती चांगलं दिसत होतं! मैत्रिणीसाठी सोडलं. शाळेतल्या धड्यात शोभलं असतं.

"झालं की!" निलंग्याचा उठून उभा राहिला. "ह्याला म्हणतेत समजूतदारपणा. कंधारची अक्का बिनविरोध!" त्याने फोन काढला. अभिनंदनाचे दोन बॅनर त्याने जेवणं झाल्याझाल्याच करून ठेवले होते, एक माझा आणि एक तिचा, वेळेला गडबड नको म्हणून. मला दोन्ही दाखवले. माझ्यावर माझा सिंहाच्या खेळातला फोटो होता, तोंड पूर्ण उघडलेला. दोन मिनिटांत तिचा बॅनर ग्रुपवर गेला. नेपाळच्या मुलीने फुलं टाकली. श्रीलंकेच्या गटाने हात जोडले. कुणी तरी केक टाकला.

मला वाटलं होतं, कंधारची मला मिठी मारेल. ती खोलीत जाऊन कपड्यांच्या घड्या घालू लागली. प्रत्येक घडी आपटून.

"चिडलीस?" मी विचारलं. त्या आठवड्यात मी आपणहून कुणाला विचारलेला तो पहिला प्रश्न असावा.

"तुला काय वाटलं, मी खुश हुईन?"

"तू निवडून आलीस ना."

"कुठं आले? तुमी सगळ्यांनी मिळून मला वाढलं. पंगतीत वाढतेत तसं. घ्या बाई, राग नका धरू." तिने सलवार आपटली. "दोघीतली एक बसली, म्हणजे मोजायचं काय? त्यांना काय, तू का मी, दोन्ही सारखंच. बॅनर दोन्ही तयार व्हते."

मला वाईट वाटलं. मग थोडा रागही आला. आपण एखाद्याला काहीतरी द्यावं आणि त्याने ते उलटं करून बघावं, तसं.

"मग मी काय करू?"

"माझ्यासमोर उभी ऱ्हा. दोन मिनिटं बोल. आन् खरंखुरं उभी ऱ्हा, माझ्यावर दया करून न्हाई. तुला जायचंय ना काठमांडूला?"

मी तिची खाली पडलेली ओढणी उचलली.

"जायचंय. दिसतंय तोंडावर."

"मला दोन मिनिटं बोलता येत नाही."

"दिवसभर तर माइक धरून बोलतीस."

"ते माझं नसतं."

"मग एक मिनिट बोल."

"आणि मी जिंकले तर?"

ती घडी घालायची थांबली. तिने खरोखर विचार केला, कारण उत्तर द्यायला तिला वेळ लागला, आणि तिला कधीच वेळ लागत नसे. "तर महिनाभर तुझ्या नावानं बोटं मोडीन," ती म्हणाली. "पण मला कळंल तर."

मी तिला हो म्हटलं नाही. मला हरायची भीती नव्हती, हे मला तेव्हाच कळत होतं. मला मोजलं जाण्याची भीती होती. तिला जे हवं होतं, तेच मला नको होतं. आजवर मला किती जण मानतात, किती जण मानत नाहीत, हे मला माहीत नव्हतं आणि ते मोठ्या कष्टाने मी माहीत होऊ दिलं नव्हतं. आता एका पांढऱ्या फळ्यावर माझं नाव लिहायचं आणि त्यापुढे रेघा ओढायच्या, आणि रेघ ओढणाऱ्याने मध्येच हात थांबवायचा. मी आंघोळीला गेले, बादलीतल्या गार पाण्याने, काहीही गरज नसताना.

दुसऱ्या दिवशी समारोप होता. प्रमुख पाहुणे लातूरचेच एक पुढारी होते. ते एका व्यायामशाळेचं उद्घाटन उरकून आले होते आणि इथून त्यांना एका बारशाला जायचं होतं. म्हणून सत्कार आधी आणि निवडणुकीचं काय ते नंतर, असं सरांनी ठरवलं. क्रम उलटा झालाय असं कुणाला वाटलं नाही. निवडणुकीचं काय ते तर काल व्हरांड्यातच झालं होतं.

पाहुणे नवरदेवाच्या खुर्चीत बसले. कंधारच्या मुलीला शेजारच्या खुर्चीत बसवलं. ती अगदी काठावर टेकली, चप्पल स्टेजखाली काढून आलेली, पायाची बोटं आखडून. कार्यालयाचा नेहमीचा कॅमेरावाला होता. त्याने सवयीने "जरा जवळ सरका" म्हटलं आणि मग स्वतःचीच जीभ चावली. पाहुण्यांनी भाषण केलं. लोकशाही आपल्या रक्तात आहे, आपण पाहुण्यांना देव मानतो, तरुणांनी मोबाइल कमी वापरावा. मी सगळ्याचं इंग्रजी केलं. श्रीलंकेचा एक मुलगा आज्ञाधारकपणे मोबाइल खिशात ठेवताना दिसला.

मग सर उठले. त्यांनी सांगितलं की नांदेड-लातूर गटाने पूर्ण एकमताने, कोणताही वाद न होता, आपली प्रतिनिधी बिनविरोध निवडली आहे, आणि हा या शिबिराचा सगळ्यात मोठा विजय आहे. टाळ्या वाजल्या. मी त्याचंही इंग्रजी केलं. माझा आवाज अगदी नेहमीसारखा, स्वच्छ आला.

टाळ्या थांबल्यावर नॉर्वेची बाई जमिनीवरून उठली. तिने सरांना नमस्कार केला, तो तिला छान जमायला लागला होता. ती म्हणाली, तुमच्या पद्धतीचा मला आदर आहे. फक्त प्रत्येक गटाला मी एक प्रश्न विचारला, तो यांनाही विचारायचा आहे. मग तिने माझ्याकडे पाहिलं आणि तो प्रश्न मला इंग्रजीत सांगितला.

मी माइक तोंडाशी धरला. "मॅडम विचारतायत," मी म्हणाले, "अजून कुणाला उभं राहायचं आहे का?"

निलंग्याचा पहिल्या रांगेतून हसत म्हणाला, "न्हाई न्हाई, कुणी न्हाई. सांगा त्यांना."

कुणी नाही. इंग्रजीत दोन शब्द. ते म्हटले असते की माझं काम झालं असतं, आणि ते खोटंही ठरलं नसतं, कारण ते त्याचं वाक्य होतं. मी फक्त पलीकडे नेलं असतं. नॉर्वेची बाई वाट पाहत होती. सर माझ्याकडे बघून मान डोलवत होते, अगदी प्रेमाने, बोल बेटा, बोल, अशी. पाहुण्यांनी हात पुढे केला आणि कुणी तरी त्यांच्या हातात शाल दिली. ते ती उलगडू लागले. कंधारची माझ्याकडे बघत नव्हती. ती मान खाली घालून बसली होती आणि तिचे खांदे पाहुण्यांच्या शालीसाठी आधीच थोडे पुढे झुकले होते. तिने बोलणं थांबवलं होतं. मला ते बघवेना.

माइक शिट्टीसारखा वाजला. माझं पहिलं अक्षर इतकं बारीक आलं की मलाच ऐकू आलं नाही, म्हणून मी घसा साफ केला आणि परत म्हणाले, आधी इंग्रजीत आणि मग मराठीत, कारण तोपर्यंत तशी सवयच लागली होती:

"हो, आहे. मी उभी राहतेय. माघार घेतली होती, ती परत घेते. शाल जरा घडी करून ठेवा, साहेब. आधी आमची दोघींची मतं मोजू द्या."